नळीवाल्या बाई

बाईंच्या शोकसभेत तिघे बोलले आणि तिघांनीही त्यांना मायाळू म्हटलं. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. मायाळू माणसं मी पाहिलेली आहेत. बाई त्यातल्या नव्हत्या. एक जण तर म्हणाला, बाईंना लहान मुलांचा फार लळा. हे तर साफ खोटं. मूल चालायला लागलं की बाईंचा त्याच्यातला रस संपायचा. "आता ह्यात बघण्यासारखं काही राहिलं नाही," असं त्या मुलाच्या आईच्या तोंडावर म्हणायच्या. मला कुणी बोलायला सांगितलं नाही. चौथी शिकलेल्या पत्रेवाल्याच्या हातात माईक कोण देणार. म्हणून लिहितो. लिहायला मला वेळ लागतो, पण लिहीन ते खरं लिहीन.

आमच्या कडावात बाळ पहिल्यांदा घराबाहेर निघालं की आई त्याला चार घरी दाखवून आणते. काजळ, तीट, टोपडं, सगळं जागच्या जागी. बाईंच्या दारात गेलं की बाई हात पुढं करायच्या, बाळ घ्यायच्या आणि पहिल्यांदा त्याला पालथं करायच्या. झबलं वर सारायचं, मानेवर एक बोट ठेवायचं आणि ते कण्यावरून माकडहाडापर्यंत न्यायचं. खाली थांबून जरा दाबायचं. मग बोट परत मानेवर, तिथून वर टाळूपर्यंत.

"बाई, त्वांड तरी बगा," आई म्हणायची. "कुणावर गेलंय सांगा."

"तोंड कुठं पळून जातंय? आधी पाठ."

मग बाळ परत आईच्या हातात. "झकास मिटलंय," एवढंच म्हणायच्या. ना गोड, ना गोरं, ना बापासारखं. पोरीबाळी हिरमुसून घरी जायच्या. पण गंमत अशी की बाईंनी "झकास मिटलंय" म्हटल्याशिवाय बाळ दाखवून झालं असं पुढं पुढं कुणाला वाटेनासं झालं.

बाई मुंबईच्या एका कॉलेजात शिकवायच्या. पोटात मूल कसं घडतं, हा विषय. निवृत्त झाल्यावर कडावात शेताच्या कडेला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि एकट्या राहिल्या. माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पळसदरीच्या एका बंगल्याच्या पन्हळी वाकवत होतो. पन्हळ म्हणजे छपराच्या कडेचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची नाली. माझा तोच धंदा. पन्हळी, नळ्या, कोठ्या, बादल्या. माझी पन्हळ गळली असं सांगणारा माणूस खोपोलीपर्यंत सापडायचा नाही.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, मला एक पेटी हवी. आत दिवा. कोंबडीचं काम करणारी."

"मंग कोंबडीच का नाय घेत?"

"कोंबडी मला मधे अंडं उचलून बघू देत नाही."

मी पेटी केली. मग अंड्यांचा शोध सुरू झाला. वाडीवरून एक म्हातारी गावठी अंडी घेऊन बाजाराला यायची. बाई तिला भर रस्त्यात, दहा माणसांत विचारायच्या, "कोंबडा होता ना? नक्की होता?"

"व्हता गं बाय, व्हता," म्हातारी म्हणायची. "दर खेपेला त्याची चौकशी. लगीन लावायचं हाय का त्याचं?"

अंडं दीड दिवस पेटीत ठेवायचं, मग त्याच्या कवचाला बारीक कातरीनं चौकोनी खिडकी पाडायची आणि भिंग धरून आत बघायचं, हा बाईंचा उद्योग. बघून झालं की खिडकीला चिकटपट्टी लावायच्या आणि अंडं परसातल्या उकिरड्यात पुरायच्या. ती अंडी कुत्र्यांनी उकरून काढली. झालं. खिडकीवालं अंडं, वरून पट्टी, हे कशाचं लक्षण हे गावाला सांगावं लागत नाही. करणी. बाईंच्या घरावरून जाणारी पायवाट दोन महिने ओस पडली. आमच्यात करणीबिरणी मानत नाहीत. विहारात बसून आम्ही हे सगळं कधीच सोडलेलं आहे. पण आमचीही माणसं त्या उकिरड्यापाशी चाल वाढवायची हे मी पाहिलेलं आहे. मी वाढवली नाही. गुडघा दुखत होता म्हणूनही असेल, पण नाही वाढवली.

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मलाच बोलावून नेलं आणि हातात भिंग दिलं. "बघा. गावात सांगा काय दिसलं ते."

मी बघितलं. पिवळ्यावर एक पांढुरका ठिपका, आणि त्यात भाताच्या शितावर नखानं ओढावी तशी एक रेघ.

"रेघ हाय."

"रेघ नाही. खोबण आहे. तिच्या दोन कडा वर आल्यात, बघा नीट. तुम्ही आत्ता पन्हळ बघताय, मिस्त्री."

मी परत बघितलं. खरंच पन्हळ होती. एवढी बारीक पन्हळ मी जन्मात पाहिली नव्हती आणि कुणी केलीये तेही दिसत नव्हतं. गावात मी सांगितलं की बाई अंड्यात पन्हळी बघतात. त्यानं फरक एवढाच पडला की लोक करणी विसरले आणि आम्हा दोघांना येडं म्हणायला लागले.

पुढं एकदा मी दुपारी जेवत होतो. आमच्या म्हातारीनं घावन केले होते. बाई आल्या, समोर बसल्या आणि माझ्या ताटातला वरचा घावन उचलला.

"मिस्त्री, हे बाळ आहे असं समजा."

"ते माजं जेवान हाय."

"तिसऱ्या आठवड्यात माणसाचं मूल असंच असतं. सपाट. ना हात, ना पाय, ना डोकं. ह्या वरच्या थराचं पुढं कातडं होणार. पण हा मधला पट्टा जाड होतो." त्यांनी बोटानं घावनाच्या मधोमध पट्टा दाखवला. "मग मधे खळगा पडतो. दोन्ही कडा उचलतात, एकमेकींकडे झुकतात आणि चिकटतात. झाली नळी. नळी आत बुडते, वरून कातडं सांधून घेतं. नळीचं वरचं टोक फुगतं, तो मेंदू. बाकीची लांबट राहते, ती कण्यातून जाते."

"म्हंजे मेंदू आन् कातडं एकाच पत्र्याचं?"

"एकाच."

"तरीच काही लोकांचा आत गेल्यासारका वाटत नाय."

म्हातारी चुलीपाशी हसली. बाई हसल्या नाहीत. शिकवताना त्या हसत नसत. "आणि ह्या कडांपाशी जे कण सुटे होतात ना, तेही वाया जात नाहीत. ते अंगभर पसरतात. त्यांच्या नसा होतात, आतडं चालवणाऱ्यासुद्धा. कातडीचा रंग त्यांचाच. जबड्याची हाडं त्यांची."

हे मला पटलं. मीही कातरणं कधी टाकत नाही. कातरणांच्या रॉकेलच्या चिमण्या करतो, झाकणं करतो.

"तर मला ही नळी पत्र्याची करून द्या," बाई म्हणाल्या. "हातभर लांब. सपाट पट्ट्यापासून मिटेपर्यंत गावातल्या मुलींना दाखवता आली पाहिजे. पण एक अट. मिटली पाहिजे मधून. मानेपाशी पहिल्यांदा चिकटते, मग तिथून वर आणि खाली, दोन्हीकडे. दोन रनरची चेन असते ना बॅगेला, तशी."

मी घास खाली ठेवला. "बाई, नळी एका टोकाकडनं मिटवत्यात. मधनं धरली तर दोनी टोकं त्वांड वासून बसत्यात."

"तेच तर. दोन्ही टोकं शेवटपर्यंत उघडी असतात. आधी वरचं मिटतं, मग खालचं. चौथा आठवडा संपेपर्यंत सगळं काम आटोपतं. आणि कधी कधी एखादं टोक उघडंच राहतं."

"माझ्या दुकानात राहात नाय."

"तुमच्या दुकानात मुलं होत नाहीत, मिस्त्री."

मी नळी केली. माझ्या पद्धतीनं केली, एका टोकाकडून. काम असं की शिवण दिसू नये. शिवण डोळ्यांनी कळत नाहीच म्हणा, ती अंगठ्यानं कळते. कुठलंही काम दुकानाबाहेर जायच्या आधी मी शिवणीवरून अंगठा फिरवतो. कुठं अडखळला तर परत ठोकायला घेतो. ह्या नळीवर अंगठा तुपावरून गेल्यासारखा गेला. बाईंनी ती फिरवून बघितली आणि परत माझ्या हातात दिली.

"नळी उत्तम आहे. पण असं मूल जन्माला येत नाही."

त्या गेल्या. मी ती नळी दुकानाच्या पन्हळीला जोडून टाकली. अजून आहे. पाण्याचा थेंब बाहेर येत नाही. पुढं सहा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. लोक म्हणतात मी बोललो नाही. बाईही बोलल्या नव्हत्या, हे कुणी सांगत नाही.

बाईंची एक तक्रार कायमची होती. आपल्याकडे पाचवा महिना लागेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. नजर लागते, पडतं, कायकाय. बाई भर पाणवठ्यावर म्हणायच्या, "तुम्ही पाचव्या महिन्यात पेढे वाटता. तोपर्यंत पाया घालणारा काम आटोपून घरी गेलेला असतो. बाईला स्वतःला कळतं ना कळतं तोवर नळी मिटलेली असते. मिटली तर." म्हणून दिवस राहायच्या आधीपासून एक बारकी पिवळी गोळी घ्यायची, डॉक्टरला विचारून, आणि ती त्या मिटायला मदत करते, असं त्यांचं सांगणं. हे सांगायला त्यांनी जागा कुठली शोधली, तर लग्नाचे मांडव.

माझ्या नातवाचं लग्न लोधिवलीच्या मुलीशी झालं. वंदना झाली, वर-वधूनं हार घातले, जेवणाच्या पंगती बसल्या आणि आहेर सुरू झाला. आमच्याकडे आहेर माईकवर पुकारतात. कुणी पातेलं दिलं, कुणी साडी, सगळ्या गावाला ऐकू जायला पाहिजे. पुकारणारा माझा पुतण्या. आवाज खणखणीत, डोकं कमी. बाई चालत आल्या, एक पुडकं दिलं. पुतण्यानं ते उघडून बघितलं.

"बाईंच्याकडनं नवरीला," तो म्हणाला, आणि थांबला. मग जबाबदारी म्हणून पूर्ण केलं. "गोळ्या. पाकिटं तीन."

पंगतीतले वाढपी जागच्या जागी थांबले. नवरीची आई जागेवरून उठली. लग्नात नवरीला गोळ्या देतात त्या एकाच प्रकारच्या असतात, मूल न होण्याच्या, असं तिलाच काय, सगळ्या मांडवाला वाटलं. बाईंनी माईक मागितला. पुतण्यानं शहाणपणा केला आणि दिला नाही. तर बाई माईकशिवाय बोलल्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज.

"ह्या मूल न होण्याच्या नाहीत. मूल नीट होण्याच्या आहेत. चांगल्या डॉक्टरला दाखवा आणि आजपासून घ्या."

"आजपास्नं?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग मांडवात जे हसू फुटलं ते भात संपेपर्यंत चाललं. नवरी मान खाली घालून लाल झाली. विहीणबाईंनी पुडकं उचललं आणि पिशवीत तळाशी घातलं. ते लोधिवलीला परत गेलं, कपाटात.

वर्षाच्या आत नातसुनेला दिवस गेले. चालीप्रमाणे पाचव्या महिन्यात कळलं. चालीप्रमाणेच पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला नेलं, आणि डॉक्टरनं नातवाला आत बोलावून दार लावून घेतलं. बाळाच्या नळीचं वरचं टोक मिटलं नव्हतं. डोकं व्हायच्या जागी डोकं झालं नव्हतं. असं बाळ जगत नाही. त्यातून पुढं दवाखान्यात जे करावं लागलं ते मी लिहिणार नाही. पोरगी रिकाम्या हातानं घरी आली.

घर बायकांनी भरलं. एक म्हणाली, गिराणात हिनं भाजी चिरली. एक म्हणाली, आजेसासऱ्याच्या दुकानातला पत्रा उचलला. विहीणबाई कोपऱ्यात तोंडात पदर घालून रडत होत्या. "मी त्या गोळ्या कपाटात टाकल्या," एवढंच परत परत.

तेवढ्यात बाई आल्या. मला वाटलं, आता ह्या सांगणार, मी सांगत होते. हट्टी माणसाला ही संधी सोडवत नाही, मला माहीत आहे. बाई विहीणबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"गोळ्या घेऊनही कधी कधी मिटत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईनं कुठं घेतल्या होत्या? तुमचं मिटलं. माझं मिटलं. ही गोष्ट कुणाच्या अंगावर टाकता येत नाही. तुमच्या तर नाहीच. ग्रहणाच्या नाही, पत्र्याच्या नाही, आणि हिच्या तर मुळीच नाही." मग बायकांकडे बघून, "आता ज्यांना ग्रहणावर बोलायचंय त्यांनी माझ्या घरी यावं. मला वेळ आहे."

कुणी गेलं नाही. बाई पोरीजवळ संध्याकाळपर्यंत बसल्या. हळू आवाजात बोलणं त्यांना जमत नसे. त्या दिवशी जमलं.

जाताना ओट्यावर माझ्यापाशी थांबल्या. मी विचारलं, "तुमाला कुणी मूलबाळ नवतं का बाई?"

"पुष्कळ. बरणीत." कॉलेजात फळीवर बरण्या होत्या म्हणे, औषधात ठेवलेली अशीच बाळं, वर्षानुवर्षांची. शिकायला आलेल्या पोरी पहिल्या दिवशी बाहेर पळायच्या. "मी रोज सकाळी त्यांची काच पुसायची. नोकर होता, तरी मीच. एवढंसं काम राहिलं हो मिस्त्री त्यांचं. एवढंसं मिटायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. कुणाचं काम घेतलं नाही. एक चांगला पत्रा काढला, पट्टा कापला आणि मधून मिटवायला घेतला. बाईंचं पटलं म्हणून नाही. मला बघायचं होतं, ते जमत नाही म्हणजे कसं जमत नाही. मधे दोन्ही कडा एकमेकींत दुमडून ठोकल्या. मी म्हटलं होतं तसंच झालं, दोन्ही टोकं आ वासून उभी. वरचं टोक आणताना पत्रा मधे ओढला जातो. खालचं आणताना वरचं सैल पडतं. हाताला सारखी भीती, की एकीकडं लक्ष दिलं तर दुसरीकडं राहील. दोन पत्रे वाया गेले. आजवर माझे पत्रे वाया गेलेले नाहीत. तिसरा मिटला. खालचं टोक सगळ्यात शेवटी.

मी कुणाला निरोप दिला नव्हता, पण बाई दुकानात उभ्या होत्या. त्यांनी नळी हातात घेतली, मधे बोट ठेवलं, खाली नेलं, मग वर.

"झकास मिटलंय," त्या म्हणाल्या.

"पत्रा चांगला व्हता," मी म्हणालो.

तिथून त्या नळीवाल्या बाई झाल्या. रिक्षात नळी उभी धरून आजूबाजूच्या गावांत जायच्या, पोरींना गोळा करायच्या. रिक्षावाले विचारायचे, "बाई, पाइप कुठं बसवायचाय?" बाई म्हणायच्या, "तुला बसवून झालाय, आईला विचार."

वर्ष गेलं. नातसुनेनं परत मनावर घेतलं. ह्या वेळी बाईंनी तिला आधीच डॉक्टरकडं नेलं. एकदा असं झालेलं असलं की गोळी जास्त ताकदीची द्यावी लागते, ती डॉक्टरनं लिहून दिली. रोज एक. प्रश्न एवढाच, की आठवण कोण करणार. नातू खालापूरकडच्या कंपनीत, पहाटेच्या पाळीला निघून जायचा. आमच्या म्हातारीला स्वतःचा चष्मा सापडत नाही.

"मिस्त्री, तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मी आजेसासरा हाय, बाई. नातसुनेला असलं काय इचारू?"

"विचारू नका. ठोका."

असं ठरलं. सकाळचा चहा झाला की मी दुकानात जायचं. दुकान घराला लागूनच. कामाला हात घालायच्या आधी कोऱ्या पत्र्यावर दोन ठोके मारायचे. ठण, ठण. आत तिनं गोळी घ्यायची. ती मला काही बोलायची नाही, मी तिला नाही. मर्यादा राहिली, काम झालं. एकदा तापानं पडलो होतो तरी अंथरुणावर पत्रा मागवून ठोकला. आळीला सवय लागली. समोरचा पेन्शनर त्या ठोक्यावर बीपीची गोळी घ्यायला लागला. दिवाळीला मी म्हटलं उद्या ठोकत नाही, सुट्टी, तर तोच आधी आला. "आबा, असं नका करू. माजं प्रेशर वाढंल."

एका सकाळी मी ठोके मारले आणि आतून आवाज आला. तिच्याकडून आलेला पहिलाच.

"आबा, आता जरा हळू ठोका."

मी हातोडा खाली ठेवला. घरात अजून कुणाला माहीत नव्हतं. पाच महिने कुणाला कळत नाही ते मला त्या सकाळी कळलं. मी चप्पल घातली आणि बाईंच्या घरी गेलो. तिथं पोचल्यावर लक्षात आलं की हे तोंडानं सांगायचं कसं.

"बाई, ठोके हळू करायला सांगितल्यात."

बाई तांदूळ निवडत होत्या. "किती दिवस वर गेलेत?"

"त्ये मला कसं म्हाईत?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. बोटांवर काहीतरी मोजलं, मग म्हणाल्या, "म्हणजे आत्ता, मिस्त्री. ह्याच दिवसांत कडा उचलतायत."

आम्ही ओट्यावर बसलो. समोर शेतात गवत कापायचं चाललं होतं. पत्र्याचं काम असतं तर मी हात घातला असता. बाईंची अंडी असती तर त्यांनी खिडकी पाडली असती. दोघांनाही काही करता येत नव्हतं. एका माणसाच्या पाठीचं काम पलीकडच्या घरात चाललं होतं आणि त्याला आमची गरज नव्हती. बाईंनी दोनदा चहा केला. दोन्ही वेळा साखर विसरल्या. मी दोन्ही तसेच प्यायलो.

पाचव्या महिन्यात डॉक्टरनं पडद्यावर बघून सांगितलं, डोकं ठीक, पाठ ठीक. घरात पेढे आले. मी खाल्ला नाही. पडद्यावरची शिवण मी मानत नाही. बाईही म्हणाल्या, "डॉक्टर बरोबर असेल. पण माझं बोट लागल्याशिवाय मी म्हणणार नाही."

ते बोट लागायचं राहिलं. नातसुनेला आठवा लागला आणि बाई गेल्या. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. उशाशी भिंग होतं आणि पेटीत अंडी उबत होती. वाडीवरची म्हातारी आली होती. तिनं ती अंडी पदरात घेतली आणि घरी नेऊन आपल्या कोंबडीखाली ठेवली. त्यातली पिल्लं निघाली. बाईंना ती आवडली नसती. चालणारी होती.

शोकसभेचं मी वर सांगितलंच आहे.

नातसून दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. टाके घातले होते, ती खाटेवर पडून होती, विहीणबाई तिच्या पायाशी. नर्सनं बाळ दुपट्यात गुंडाळून आणलं आणि घरातला मोठा म्हणून माझ्या हातात दिलं. मी खाटेच्या कडेला बसलो आणि त्याला मांडीवर पालथं केलं.

"आबा, काय करताय?" नर्स पुढं आली. "त्वांड हिकडं हाय बाळाचं."

"त्वांड कुठं पळून जातंय," मी म्हणालो.

दुपटं वर सारलं. अंगठा माझा खरखरीत, पत्र्यानं कापून कापून झालेला, म्हणून आधी सदऱ्याला पुसला. मानेवर ठेवला. मानेपासून सुरुवात करायची. तिथून खाली नेला, हळू, एकेका मणक्यावरून. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. माकडहाडापाशी थांबलो आणि जरा दाबून बघितलं. कुठं अडखळला नाही. मग परत मानेवर, आणि तिथून वर टाळूपर्यंत. टाळू मऊ होती, धडधडत होती, ती तशीच असते, बाईंनी सांगितलेलं होतं.

"आबा," खाटेवरून नातसून म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती मला दुसऱ्यांदा बोलत होती. "मिटलंय का?"

"झकास मिटलंय," मी म्हणालो.

ती हसायला गेली आणि टाके ओढले म्हणून पोट धरून रडली, की रडायला गेली आणि हसली, ते मला सांगता येणार नाही. बायकांचं ते बायका जाणोत. मी बाळाला उताणं केलं आणि मग त्याचं तोंड पाहिलं.

माझ्यावर गेलंय.